माल कोणता उचलायचा: खान्देशातल्या नव्या गाडीमालक-चालकांसाठी

पहिली गाडी घेतली की दलालाचे फोन सुरू होतात आणि प्रत्येक फोनवर एकच आकडा ऐकू येतो, तो म्हणजे भाडं. परतीला रिकामं यावं लागेल का, गोदामाबाहेर किती वेळ ताटकळावं लागेल, हमाली-वाराई (भरण्या-उतरवण्याच्या वेळी हमालांना द्यायचे पैसे) कोणाच्या माथी, बाकी पैसे कधी मिळणार, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. हे सगळं फोन ठेवण्याआधी मोजायची रीत पुढे दिली आहे. उदाहरणं दहाचाकी, २८ टनी (मालासकट एकूण वजन) गाडीची आहेत. बारा-चौदाचाकीला आकडे बदलतील, रीत तीच राहील. डिझेल, टोल, भाडं यांचे जे दर धरले आहेत ते हिशेब समजण्यापुरते. तिथे आपले चालू दर घालून पाहा.

१. उभ्या गाडीचा दिवसाचा खर्च काढा

गाडी हलली नाही तरी हप्ता, विमा, कर, परमिट आणि चालकाचा पगार चालूच असतो. गाडी स्वतः चालवत असाल तरी स्वतःचा पगार धराच. तो न धरल्यामुळे महिनाअखेरीला नफा दिसतो आणि घरात मात्र पैसा दिसत नाही.

महिन्याचा नमुना असा:

- बँकेचा हप्ता: ५२,०००
- विमा, कर, परमिट, फिटनेस (वर्षाचा खर्च भागिले १२): ११,०००
- चालकाचा पगार: २२,०००
- पार्किंग, मोबाइल, किरकोळ: ३,०००

एकूण ८८,०००. भागायचं ३० ने नाही, २५ ने. पाच दिवस तरी सर्व्हिसिंग, सण आणि नंबर लावून बसणं यात जातातच. ८८,००० भागिले २५ म्हणजे साधारण ३,५०० रुपये. हा आकडा केबिनमध्ये डोळ्यांसमोर चिकटवून ठेवा. गाडी कुठेही एक दिवस जादा उभी राहिली की ३,५०० गेले.

२. चालत्या गाडीचा किलोमीटरचा खर्च

भरलेली गाडी लिटरला ४ आणि रिकामी साडेपाच किलोमीटर धरू, डिझेल ९२ रुपये. भरलेल्याला किलोमीटरमागे २३ रुपये, रिकाम्याला पावणेसतरा. त्यावर टायर तीन रुपये, ऑइल-ग्रीसिंग-दुरुस्ती अडीच रुपये आणि बीएस-६ गाडी असेल तर युरियाचे (धूर स्वच्छ ठेवणाऱ्या डीईएफ द्रावणाचे) साठ-सत्तर पैसे. भरलेली गाडी साधारण २९ रुपये, रिकामी (टायर-दुरुस्ती थोडी कमी धरून) २२ रुपये किलोमीटर.

सरासरी डॅशबोर्डवर बघून ठरवू नका. टाकी फुल करा, फेरी करा, परत त्याच पंपावर फुल करा, आणि किलोमीटर भागिले लिटर काढा. असं पाच फेऱ्या केलं की आपल्या गाडीचा खरा आकडा हाती येतो. टायरचा खर्च नवे लोक धरतच नाहीत. दहा टायर एकदम बदलायची वेळ आली की मग उसनवारी.

टोल किलोमीटरमध्ये मिसळू नका. तो रस्त्यागणिक बदलतो, म्हणून फेरीला वेगळा लिहा. फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर रोखीत दुप्पट टोल पडतो. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरला तर सव्वापट.

३. भाडं बाजूला ठेवून फेरी मोजा

खरा निर्णय इथे होतो. दोन भाडी समोर आली आहेत असं धरा.

पहिलं: जळगाव ते भिवंडी, ३८५ किलोमीटर, भाडं ३१,०००. किलोमीटरला साडेऐंशी रुपये.

दुसरं: जळगाव ते कोकणातलं एक तालुक्याचं गाव, ६५० किलोमीटर, सरकी पेंड, भाडं ५६,०००. किलोमीटरला ८६ रुपये.

फोनवर दुसरं गोड वाटतं. आता परतीसकट मांडू.

भिवंडीहून जळगावचा माल २०,००० ला मिळतो. दोन्ही बाजूंनी भरलेले ७७० किलोमीटर, खर्च २२,३३०. टोल ३,६००, वाराई-बख्शीस-काटा २,०००. भरणं, जाणं, खाली करणं, परतीचा माल भरणं, पोहोचणं मिळून पाच दिवस, म्हणजे १७,५००. एकूण खर्च ४५,४३०, आवक ५१,०००. उरले ५,५७०, दिवसाला १,११४.

कोकणातून थेट परतीचा माल बहुतेक वेळा नसतो. तिथून २७० किलोमीटर रिकामं पुण्याकडे यायचं आणि पुण्याहून १८,००० चं जळगाव भरायचं, ४०० किलोमीटर. जाताना १८,८५०, रिकामे ५,९४०, येताना ११,६००, टोल ४,५००, किरकोळ २,५००, आणि सात दिवसांचे २४,५००. एकूण ६७,८९०, आवक ७४,०००. उरले ६,११०, दिवसाला ८७३.

पूर्ण फेरीचा किलोमीटरमागे भाव काढला तर फरक आणखी उघडा पडतो: भिवंडी ६६ रुपये, कोकण ५६. दुसऱ्या भाड्याला होकार द्यायचा असेल तर पाच-सात हजार वाढवून मागा, कारण रिकाम्या २७० किलोमीटरचं भाडं त्या आकड्यात आलेलंच नाही.

एक दिवस जादा लागला तर काय होतं तेही बघा. भिवंडीत गोदामवाल्यानं 'उद्या या' म्हटलं की ५,५७० चे २,०७० होतात. म्हणून भाड्यासाठी हजार-पाचशेची घासाघीस करण्याइतकंच महत्त्व हाल्टिंगच्या (गाडी जादा थांबवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांच्या) बोलणीला आहे. बहुतेक नवे लोक ती बोलणी करतच नाहीत.

वहीत प्रत्येक फेरीला एक ओळ ठेवा: तारीख, कुठून-कुठे, माल, टन, भाडं, भरलेले किमी, रिकामे किमी, डिझेल लिटर, टोल, किरकोळ, एकूण दिवस, बाकी कोणाकडे. तीन महिन्यांत कळेल की कुठला मार्ग पोसतो आणि कुठला नुसता पळवतो.

४. गाडीत खरोखर किती टन बसतं

आरसीवर दोन वजनं असतात: एकूण भारासह वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. समजा २८,००० आणि ९,६००. वजाबाकी १८,४०० किलो. पण ३०० लिटर डिझेलचं वजन सुमारे २५० किलो, वर ताडपत्र्या, दोर, स्टेपनी, सामान, माणसं. म्हणजे माल धरायचा १८ टनच.

'तीन टन जास्त घे, टनाचे सतराशे देतो' हे बोलणं रोजचं आहे. तीन टनांचे ५,१०० मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, म्हणजे २६,०००, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. वजन करायला गाडी थांबवली नाही तर ४०,०००. टायर-पाट्यांचं नुकसान आणि अपघातात विमा कंपनीनं घातलेला वाद यात धरलेलाच नाही. फळक्याबाहेर, वर किंवा मागे माल निघाला असेल तरी २०,००० चा दंड आहे. मका, कडबा, पाइप भरताना हे विसरलं जातं.

उलटा फटकाही बसतो. भाडं टनावर ठरलं आणि पार्टीनं १४ टनच भरला तर ३१,००० चे २४,००० होतात. म्हणून टनाच्या भावात नेहमी 'गॅरंटी वजन' बांधून घ्या: भरो न भरो, १८ टनांचे पैसे. हलक्या मालाला (चटई, पीव्हीसी पाइप, वाळलेली मिरची) गाडीभर ठरावीक भाडंच घ्या. तिथे गाडी आधी आकारानं भरते, टनाचा भाव लावला तर बुडालात.

५. खान्देशातला माल आणि त्याचे स्वभाव

केळी. रावेर, यावल, सावदा, फैजपूर, चोपडा पट्ट्यातून दिल्ली आणि उत्तरेकडे माल जातो. भाडं चांगलं असतं, पण हा माल घड्याळावर चालतो. केळी कच्ची भरतात आणि गाडीत उष्णता साठली की ती वाटेतच पिकायला लागतात. पोहोचायला उशीर झाला तर व्यापारी भाड्यातून कापतो आणि आपण अकराशे किलोमीटर लांब असल्यानं भांडायची ताकद नसते. म्हणून केळी एकट्या चालकानं घेऊ नये. दुसरा चालक घ्या आणि त्याचा खर्च भाड्यात धरा. भरताना घडांखाली आणि बाजूंना केळीचा पाला नीट घातला आहे का ते उभं राहून बघा, कारण फळक्याला घासून काळी पडलेली केळी आपल्या नावावर येतात. हिवाळ्यात साधारण १३ अंशांखाली केळीची साल काळवंडते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेला जाताना ताडपत्री पुढून, विशेषतः केबिनमागून, बंद ठेवा. उन्हाळ्यात याच्या उलट, हवा खेळती ठेवायची. उशिराचा दंड किती आणि कोणत्या तासापासून, हे बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

दिल्ली शहरात शिरणार असाल तर आरएफआयडी टॅग आणि पर्यावरण शुल्क लागतं. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याहून जुन्या मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे प्रवेश नाही. आझादपूर मंडी दिल्लीतच आहे, हे भाडं ठरवताना आठवा.

कापसाच्या गाठी. दसऱ्यानंतर जिनिंग सुरू होतं आणि हिवाळाभर काम चालतं. एक गाठ १७० किलोची, सौदा सहसा १०० गाठींचा, म्हणजे १७ टन. दहाचाकीच्या वजनात चपखल बसणारा माल. गुजरात आणि तमिळनाडूकडच्या गिरण्यांकडे जातो. भीती दोनच: पाणी आणि आग. ओली गाठ गिरणी घेत नाही, म्हणून एका चांगल्या ताडपत्रीवर भागवू नका, दोन घाला. गाडीत स्टोव्ह पेटवायचा नाही, सायलेन्सरजवळ सरकीचा कचरा साचू द्यायचा नाही. तमिळनाडू गाठायचं असेल तर परतीचं आधी ठरवा, नाहीतर भाड्याचा निम्मा नफा वाटेतल्या धाब्यांवर संपेल.

मका, गहू, डाळी. जळगावच्या दालमिल, दोंडाईचा-शिरपूर-अमळनेरच्या बाजारपेठा, नवापूरकडचा कोंबडीखाद्याचा व्यवहार. भाडं मध्यम, पण माल सरळ आणि वर्षभर. फक्त मक्यात ओलावा असतो, वाटेत वजन घटतं. किती घट मान्य (शंभर किलोमागे किती ग्रॅम) हे आधी ठरलं नसेल तर खाली करताना घट भाड्यातून कापतात.

नंदुरबारची मिरची. हलकी, म्हणून ठरावीक भाडं. त्याहून महत्त्वाचं पुढचं: मिरची वाहिल्यावर फळक्यांच्या फटीत धूळ राहते आणि पुढच्या पीठ-साखरवाल्यानं गाडी बघितली की नाकारतो. धुण्याचे पैसे आणि अर्धा दिवस भाड्यात धरा. सिमेंट किंवा दीपनगरच्या वीज केंद्राची राख भरल्यावर तोच नियम. खायचा माल ओढायचा असेल तर त्या भाड्यांपासून लांबच राहिलेलं बरं.

जळगाव एमआयडीसीचा माल: पाइप, ठिबकचं साहित्य, चटई. कारखान्याचा माल असल्यानं कागद स्वच्छ, पैसा बुडत नाही, पण गेटवर नंबर लागतो आणि बाकी उशिरा येते. पाइप सहसा सहा मीटरचे, म्हणून गाडीच्या बॉडीची आतली लांबी मापून ठेवा आणि विचारल्यावर फुटात तीच सांगा.

६. रस्ता भाड्याइतकाच महत्त्वाचा

धुळ्याचं बरं आहे, तीन मोठे रस्ते तिथे भेटतात: राष्ट्रीय महामार्ग ५२ (इंदूर ते सोलापूरकडे), ५३ (सुरत ते नागपूर) आणि नाशिककडे ६०. त्यामुळे सुरत, भिवंडी, इंदूर, नागपूर या चार दिशांना जाणारा माल घेतला तर परतीला माल मिळायची शक्यता जास्त. नव्यानं सुरुवात करताना याच चार दिशा धरा, आडगावची भाडी नंतर.

घाट मात्र मोजून ठेवा. कन्नडच्या औट्रम घाटातून अवजड वाहनांना उच्च न्यायालयाच्या आदेशानं ऑगस्ट २०२३ मध्ये बंदी झाली. छत्रपती संभाजीनगरचं भाडं सांगणारा दलाल किलोमीटर मात्र चाळीसगावमार्गे मोजतो. मालेगाव-मनमाड-वैजापूर किंवा जळगाव-सिल्लोड असा वळसा धरून किलोमीटर काढा आणि निघण्याआधी घाटाची त्या दिवशीची स्थिती विचारून घ्या. इंदूरहून येताना सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट उतरणीचा आहे, ब्रेक तापवू नका, गिअरवर उतरा. सुरतच्या वाटेवर कोंडाईबारी, मुंबईच्या वाटेवर कसारा. या ठिकाणी सरासरी पडते, वेळ जातो, म्हणून डिझेलच्या हिशेबात लिटरला चारऐवजी साडेतीन धरलेलं योग्य.

नवापूरपलीकडे गुजरातचा आणि पळासनेरपलीकडे मध्य प्रदेशचा डिझेल दर वेगळा असतो. तीनशे लिटरच्या टाकीला दोन रुपयांचा फरक म्हणजे ६०० रुपये. टाकी कुठे भरायची ते निघण्याआधी ठरवा. शहरांत अवजड वाहनांना दिवसा बंदीच्या वेळा असतात, त्या चुकल्या की बाहेर पाच-सात तास उभं राहणं आलंच.

७. फोनवर काय विचारायचं

बोलणं साधारण असं होतं:

"आप्पा, भिवंडीचं आहे, एकतीस हजार. गाडी लाव."

"भाऊ, माल काय? टन किती, गॅरंटी किती?"

"चटई आहे. फिक्स."

"खाली कुठं करायची, एका ठिकाणी की दोन? वाराई कोणाची? अॅडव्हान्स किती, बाकी किती दिवसांत?"

"दोन ठिकाणी. वाराई तुझी. ऐंशी टक्के अॅडव्हान्स, बाकी पोहोच आल्यावर."

"मग तेहतीस. आणि चोवीस तासांवर उभी ठेवली तर दिवसाला तीन हजार हाल्टिंग. मेसेज करा, निघतो."

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. मेसेजवर भाडं, टन, अॅडव्हान्स, दलाली, हाल्टिंग, खाली करायचा पत्ता आणि घेणाऱ्याचा नंबर आला पाहिजे. 'आपला माणूस आहे' म्हणून तोंडी ठेवलं की वाद झाल्यावर तो माणूस फोन उचलत नाही. वाराई, भरण्या-उतरवण्याची मजुरी, मुनीमाची बख्शीस, काट्याची पावती हे सगळं कोणाकडे ते एकेक करून विचारा. एकदम 'बाकी सगळं तुमच्याकडे ना?' असं विचारलं की उत्तर 'हो हो' येतं आणि गोदामावर हात वर होतात.

फसवणुकीचा सगळ्यांत सोपा प्रकार: अनोळखी नंबर, भाडं बाजारापेक्षा दोन-चार हजार जास्त, आणि 'गेटपासचे हजार रुपये आधी पाठव'. माल भरायच्या आधी चालकाकडून पैसे मागणारा कुणीही खरा नसतो. नवीन पार्टी असेल तर तिचा जीएसटी क्रमांक विचारून सरकारी पोर्टलवर नाव जुळतं का ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. शंका असेल तर जळगावच्या अजिंठा चौफुलीवर किंवा धुळ्याजवळच्या अवधानला जुन्या लोकांना विचारा. एक-दोघांकडून पार्टीची कुंडली निघतेच.

८. कागद

गाडीचे: आरसी, विमा, फिटनेस (गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी), पीयूसी, परमिट, कराची पावती, चालकाचा परवाना. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची प्रत चालते, तरी मोबाइल बंद पडतो म्हणून छापील संच केबिनमध्ये ठेवा.

मालाचे: बिल, बिल्टी, ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद). तिन्हींवर गाडीचा नंबर तोच आणि बरोबर आहे का ते अक्षर-आकडा लावून वाचा. एमएच १८ चं एमएच १९ झालं की रस्त्यात गाडी अडकते. माल ५०,००० रुपयांपेक्षा जास्तीचा आणि राज्याबाहेर जाणारा असेल तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस: भिवंडीला दोन दिवस, दिल्लीला सहा. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवून घेता येते, म्हणून गाडी बंद पडली तर आधी पार्टीला फोन, मग मेस्त्रीला. कागद चुकीचे निघाले तर माल पार्टीचा असला तरी गाडी आपली अडकते. ती सोडवायला दंडाची रक्कम किंवा एक लाख, यातलं जे कमी ते भरावं लागतं.

पैशाचे: पॅन, रद्द केलेला चेक, आणि दहा किंवा कमी गाड्या असल्याचं घोषणापत्र. हे दिलं की ट्रान्सपोर्टरनं टीडीएस कापायचा नसतो. तीस-चाळीस प्रती सही करून ठेवा. आणखी एक: ट्रान्सपोर्ट कंपनीला गाडी भाड्यानं दिल्यावर त्यावर जीएसटी लागत नाही. त्या नावानं कोणी कापत असेल तर लेखी हिशेब मागा.

९. काट्यावर आणि गेटवर

रिकामी गाडी तोला, भरल्यावर परत तोला, शक्यतो त्याच काट्यावर. पावतीवर गाडी नंबर, वेळ, रिकामं आणि भरलेलं वजन छापलेलं असावं. पेनानं लिहिलेलं रिकामं वजन मान्य करू नका. पहिल्या तोलाला टाकी अर्धी आणि दुसऱ्याला फुल असेल तर शंभर-सव्वाशे किलोचा फरक तिथेच पडतो आणि खाली करताना तो घट म्हणून आपल्या नावावर येतो. पावतीचा फोटो काढून दलालाला लगेच पाठवा.

पोती मोजली जात असताना स्वतः फळक्यापाशी उभे राहा. बिल्टीवर 'नग मोजून घेतले' लिहायचं तर मोजलेलेच असायला हवेत. फाटलेली, ओली पोती भरत असतील तर बिल्टीवर शेरा मारून घ्या. गेटवर पोहोचलेली वेळ आणि आत घेतलेली वेळ, दोन्ही मुनीमाकडून कागदावर घ्या. हाल्टिंगचा दावा याच दोन आकड्यांवर उभा राहतो, तोंडी सांगून कुणी देत नाही.

१०. परतीचा माल

खाली करायच्या ठिकाणी पोहोचायच्या आदल्या संध्याकाळीच परतीचे फोन सुरू करा. गाडी रिकामी झाल्यावर फोन केला की समोरच्याला कळतं आपण अडलो आहोत, आणि भाव पडतो. परतीला किमान किती घ्यायचं? किलोमीटरच्या २९ रुपयांतून रिकाम्याचे २२ वजा केले तर भरून आणण्याचा जादा खर्च सातच रुपये निघतो. म्हणजे एक दिवस थांबून ३८५ किलोमीटरचा माल घेतला तर ३,५०० अधिक २,७०० अधिक वाराई, साधारण सात-साडेसात हजारांच्या वर जे मिळेल ते फायद्याचं. त्याच मालासाठी तीन दिवस थांबावं लागत असेल तर हीच रेघ चौदा-साडेचौदा हजारांच्या आसपास जाते. म्हणून दोन दिवसांवर थांबायचं नाही, हा नियम बांधून टाकला तर बरं.

नॅशनल परमिटच्या गाडीनं दुसऱ्या राज्यातल्या एका गावाहून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावी माल टाकता येत नाही. इंदूरला खाली करून 'भोपाळपर्यंत टाकून ये' हे भाडं परमिटचं उल्लंघन आहे. सुरतहून वापीचंही तसंच.

सीमेपलीकडून येताना 'अर्धी गाडी भरलेली आहे, वर थोडे बॉक्स टाक, दहा हजार देतो' असं कोणी म्हटलं तर इंजिन चालू करून निघा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि शिरपूर-नवापूरच्या वाटेनं तो आणायचे प्रयत्न चालूच असतात. सापडला तर मालाबरोबर गाडीही जप्त होते, गुन्ह्यात चालक-मालकाचं नाव येतं आणि गाडी कोर्टातून सुटेपर्यंत हप्ते चालूच. बिल नसलेला, बॉक्स उघडून दाखवायला नकार देणारा माल कितीही भाड्याला नको.

११. बाकी वसूल करा

खाली केल्यावर पोहोच पावतीवर सही, शिक्का, तारीख, वेळ आणि 'माल पूर्ण मिळाला' हे शब्द घ्या. घेणाऱ्यानं तूट लिहिली असेल तर तिथल्या तिथे दलालाला फोन लावून वाद मिटवा, गाडी गेटबाहेर निघाली की आपली बाजू संपते. पावतीचा फोटो लगेच, मूळ प्रत कुरिअरनं दोन दिवसांत, कुरिअरची पावती वहीला टाचून. पोहोच हरवली की बाकी अडते, आणि ती 'मिळाली नाही' म्हणणं हा बाकी लांबवायचा जुना मार्ग आहे.

बाकी ज्या दिवशी यायची ती तारीख वहीत लिहा आणि त्याच सकाळी फोन करा. कोणाकडे एकूण किती अडकू द्यायचं याची मर्यादा ठरवा: एका दलालाकडे दोन फेऱ्यांची बाकी असेल तर तिसरी गाडी लावायची ती शंभर टक्के अॅडव्हान्सवर किंवा आधीचे पैसे आल्यावरच. 'हे भाडं घे, मागचे पुढचे एकत्र देतो' असं तो म्हणेल. तेव्हा मागची तारीख, गाडी नंबर आणि रक्कम मेसेज करून उत्तराची वाट बघा, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या मालाला लावा.